कृषी पत्तीनचं बिनव्याजी कर्ज: किती स्वस्त, कुणाला स्वस्त

महाराष्ट्रात जिला विकास सोसायटी म्हणतात, तिला बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणीच्या पट्ट्यात कृषी पत्तीन म्हणतात. पाटीवर प्राथमिक कृषी पत्तीन सहकारी संघ, कागदावर पीकेपीएस, घरात नुसती ‘सोसायटी’. हे परीक्षण कुठल्या एका गावच्या सोसायटीचं नाही, तिथं मिळणाऱ्या तीन सेवांचं आहे: पीककर्ज, खताचा डेपो आणि ठेवी. निकाल आधीच सांगून टाकतो. पीककर्जाइतका स्वस्त पैसा गावात दुसरीकडे मिळत नाही, पण तो तारीख पाळणाऱ्यालाच स्वस्त पडतो. डेपोचं गावागणिक वेगळं: सोसायटी भक्कम असेल तर उत्तम, नसेल तर ऐन हंगामात दाराला कुलूप. ठेव मात्र ताळेबंद वाचल्याशिवाय ठेवू नये, चेअरमन कितीही घरोब्यातले असोत.

पैसा कुठून येतो हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. सोसायटीकडं स्वतःचा पैसा तीन प्रकारचा: सभासदांचे शेअर्स, नफ्यातून बाजूला काढलेला राखीव निधी आणि ठेवी. पीककर्जाचा मोठा भाग या पैशातून दिला जात नाही, तो वरून येतो. नाबार्ड ही शेती-ग्रामीण कर्जाची राष्ट्रीय बँक राज्याच्या अपेक्स (शिखर सहकारी) बँकेला पुनर्वित्त, म्हणजे पुढं कर्ज देण्यासाठीचा पैसा देते, अपेक्स बँक जिल्ह्याच्या डीसीसी (जिल्हा मध्यवर्ती सहकारी) बँकेला, डीसीसी सोसायटीला आणि सोसायटी सभासदाला. प्रत्येक पायरीवर थोडं मार्जिन राहतं, त्यातून पगार, वीजबिल, कागदपत्रं भागतात. शून्य टक्के म्हणजे व्याज नाही असं नव्हे. व्याज आहे, ते सभासदाऐवजी सरकार भरतं. केंद्र सरकार ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर कर्ज देणाऱ्या संस्थेला दीड टक्का आणि वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला ३ टक्के देतं. उरलेली भर राज्य घालतं. कर्नाटकानं २०२३ च्या अर्थसंकल्पात बिनव्याजी कर्जाची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेली. केंद्रानं आपली मर्यादा ५ लाख करण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात केली खरी, पण तोवरच्या हिशेबात वरच्या २ लाखांचं सगळं व्याज राज्याच्या तिजोरीवर.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सरकारचे पैसे सोसायटीच्या हातात लगेच पडत नाहीत. तोवर ती रक्कम ताळेबंदात ‘सरकारकडून येणं’ म्हणून बसते आणि सोसायटी कागदावर नफ्यात, गल्ल्यात रिकामी अशी दिसते. दोन, वरचा नळ बारीक झाला की गावात धार तुटते. २०२४-२५ मध्ये नाबार्डनं कर्नाटकासाठीची सवलतीच्या अल्पमुदत कर्जाची मर्यादा आधीच्या वर्षीच्या ५,६०० कोटींवरून २,३४० कोटींवर आणली, म्हणजे ५८ टक्के कपात. गावात याचा अर्थ साधा असतो. जुन्या सभासदांचं फिरतं कर्ज चालू राहतं, पण मर्यादा वाढवून मिळत नाही आणि नवा सभासद रांगेत उभा राहतो. मर्यादा ५ लाखांची असली तरी ५ लाख प्रत्येकाला मिळतात, असा अर्थ काढून कुणी बोअरवेलवाल्याला ॲडव्हान्स देऊ नये.

कर्जाची रक्कम ठरते ती जमिनीवर आणि पिकावर. जिल्हा पातळीवरची तांत्रिक समिती दरवर्षी पीकवार एकरी कर्जदर ठरवते. त्याला कार्यालयात ‘स्केल ऑफ फायनान्स’ म्हणतात. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमानं त्या दराला क्षेत्रानं गुणायचं, त्यावर काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी १० टक्के, शेतीच्या देखभालीसाठी २० टक्के धरायचे, शिवाय विम्याचा हप्ता. समजा उसाचा दर एकरी ६०,००० धरला (आकडा हिशेबापुरता) आणि ऊस २ एकर. तर १,२०,००० अधिक १२,००० अधिक २४,००० म्हणजे १,५६,००० निघतात. सोसायटीच्या खिडकीवर ही बेरीज क्वचितच पुरी होते. बऱ्याच ठिकाणी दर गुणिले क्षेत्र एवढंच धरतात, वर सभासदामागं एक कमाल रक्कम संचालक मंडळ ठरवतं. त्यामुळं पहिला प्रश्न ‘किती मिळेल’ हा नको. ‘यंदाचा पीकवार दर काय, आणि कमाल किती धरलीय’ हे विचारा. उताऱ्यावर भात आणि शेतात ऊस असेल तर दर भाताचाच लागतो. पीक पाहणीची नोंद वेळेवर न करण्याचा हा सगळ्यात महागडा तोटा, आणि तो कर्जाच्या दिवशीच कळतो.

कागदं फार नाहीत, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत हे खरं दुखणं. पहाणी उतारा म्हणजे आरटीसी, आधार, रेशन कार्ड, फ्रूट्स म्हणजे कर्नाटक सरकारच्या शेतकरी नोंदणीचा क्रमांक, डीसीसी बँकेचं बचत खातं, गावातल्या बँकांचे ‘येणं बाकी नाही’ असे दाखले, दोन जामीनदार. उतारा कन्नडमध्ये, आधार बहुधा इंग्रजी-कन्नडमध्ये, जुनी खरेदीखतं मराठीत. एकच माणूस तीन कागदांवर तीन नावांनी उभा. उताऱ्यावर आजोबांच्या नावाशी आडनाव नाही, आधारवर वडिलांचं नाव मधे, बँकेत नुसतं आद्याक्षर. फ्रूट्समध्ये आधार आणि उतारा जुळला नाही की सर्व्हे नंबर खात्याला चिकटत नाही, आणि सर्व्हे नंबर चिकटला नाही की कर्जाचं क्षेत्र शून्य. ही दुरुस्ती सोसायटीत होत नाही. उताऱ्यावरचं नाव नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून; फ्रूट्सची नोंद कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून. पावसाळ्याच्या तोंडावर दोन्हीकडे गर्दी, म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावं.

दुसरं दुखणं सामाईक उताऱ्याचं. चार भावांची नावं एकाच उताऱ्यावर असतील आणि पोडी, म्हणजे मोजणी करून हिस्से वेगळे करणं, झालेली नसेल तर चौघांची संमती लागते, नाहीतर आपल्या हिश्श्यापुरतंच क्षेत्र धरतात. उताऱ्याच्या ११ नंबरच्या रकान्यात कर्जाचा बोजा चढतो. एका भावाच्या कर्जाचा बोजा सगळ्या सर्व्हे नंबरवर दिसत राहिला की पुढं दुसऱ्याला बँक दारात उभं करत नाही. वारसा नोंद राहिलेली जमीन तर कर्जाच्या दृष्टीनं नसल्यातच जमा.

विनातारण कर्जाची मर्यादा रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून २ लाख केली. म्हणून २ लाखांच्या आत गहाणखत मागितलं तर कशासाठी ते विचारावं. जामीनदार मात्र सोसायटी घेतेच, आणि हा व्यवहार लोक फार हलक्यात घेतात. गावात जामीन हा साखळीचा असतो: अ ला ब, ब ला क, क ला अ. एकजण थकला की तिघांच्या नव्या कर्जावर शिक्का बसतो. ओळखीपेक्षा ज्याचं पीक आपल्याच वेळी विकलं जातं असा जामीनदार निवडणं शहाणपणाचं.

कर्जरोखा आणि पासबुक कन्नडमध्ये. सही करण्याआधी घरी नेऊन वाचायला प्रत मागा. नाही म्हणायचं कारण नसतं. निदान एवढे शब्द तरी ओळखीचे हवेत: ‘साल’ म्हणजे कर्ज, ‘असलु’ म्हणजे मुद्दल, ‘बड्डी’ म्हणजे व्याज, ‘कंतु’ म्हणजे हप्ता, ‘ठेवणी’ म्हणजे ठेव. आणि ‘सुस्ती’ म्हणजे थकबाकी. मराठीत सुस्ती आली की माणूस झोपतो. कन्नड कागदावर आली की झोप उडते.

आता मुद्द्याचं: तारीख. सगळं अर्थकारण या एका तारखेत आहे आणि सोसायटीच्या सेवेतली सगळ्यात कमी समजावून सांगितली जाणारी गोष्टही हीच. व्याजसवलत जास्तीत जास्त १२ महिन्यांची. पैसे उचलल्यापासून वर्षाच्या आत पूर्ण रक्कम भरली तर व्याज शून्य. एक दिवस उशीर झाला तर सवलत त्या एका दिवसापुरती जात नाही, सगळ्या काळाची जाते, आणि उचलल्या दिवसापासून सोसायटीच्या नेहमीच्या दरानं व्याज लागतं. हा दर हिशेबापुरता १० टक्के धरू. ३ लाखांवर वर्षाचे ३०,०००. एका दिवसाची किंमत ३०,००० रुपये. गावात इतका महाग दिवस दुसरा नाही.

भाताला ही तारीख बरी जुळते. खानापूर, उचगाव, येळ्ळूर भागात मे-जूनमध्ये धूळवाफ पेरणी, नोव्हेंबरात सुगी, जानेवारीपर्यंत भात विकून पैसा हातात, कर्जाची मुदत पुढच्या मे-जूनला. मध्ये चार महिने श्वास घ्यायला मिळतात. उसाला जुळत नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात, तो १६ ते १८ महिन्यांनी तुटतो. म्हणजे जुलैत उचललेलं कर्ज पुढच्या जुलैत फेडायचं, तेव्हा ऊस शेतात पुरुषभर उभा आणि कारखाना बंद. गाळप नोव्हेंबरला सुरू होणार, तोड मिळणार त्याच्याही पुढं. बिलाचं म्हणाल तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हे व्याज कारखान्यानं आपणहून हातावर ठेवलं असं सहसा ऐकू येत नाही. शेतकऱ्याची तारीख मात्र संगणक विसरत नाही.

मग होतं ते ‘नवं-जुनं’. मुदतीच्या आठवड्यात कुणाकडून तरी ३ लाख हातउसने आणायचे, भरायचे, खातं मोकळं झालं की नवं कर्ज उचलून त्याचे पैसे परत करायचे. आठ दिवसांचं काम, पण सावकार महिना धरतो. शेकडा २ रुपयांनी ३ लाखांचे ६,००० गेले. शिवाय शेअर्स: कर्जाच्या ठरावीक टक्के रक्कम शेअर्समध्ये अडकवावी लागते, टक्का पोटनियमानुसार. ५ टक्के धरला तर १५,०००, आणि तेच पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत असते तर वर्षाला १,०५० मिळाले असते. लाभांश मिळाला तर एवढं तरी भरून निघतं, नाही मिळाला तर नाही. दोन्ही मिळून ७,०५० रुपये, म्हणजे शून्य टक्क्याचं कर्ज प्रत्यक्षात सव्वादोन टक्क्यांच्या थोडं वर जातं. तरीही राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा स्वस्तच. तिथं ७ टक्क्यांवर वेळेत फेडल्याची ३ टक्के सूट धरून ४ टक्के, म्हणजे ३ लाखांवर १२,००० पडतात. एवढ्यासाठीच कर्जाला आम्ही ५ पैकी ४ गुण देऊ. कापलेला एक गुण त्या ६,००० चा.

हा गुणही वाचवता येतो, आणि उपाय अगदी साधा आहे: तारीख सरकवून घ्या. उसाचं बिल जानेवारी-फेब्रुवारीत जमा होतं ना, मग त्या वर्षी जुलैची वाट न पाहता फेब्रुवारीतच पूर्ण भरा आणि तेव्हाच नवं उचला. पुढची मुदत पुढच्या फेब्रुवारीला, म्हणजे पुन्हा बिलाच्या दिवसांत. चार-पाच महिन्यांची बिनव्याजी मुदत एकदाच सोडावी लागते, सावकार मात्र कायमचा सुटतो. ज्याचा सगळाच ऊस आडसाली आहे त्याला वर्षाआड बिल येतं; त्यानं निम्मं क्षेत्र पूर्वहंगामी किंवा खोडवा ठेवलं तरच हे जमेल. अडलंच तर सोनं ठेवून सोसायटीतूनच आठ-पंधरा दिवसांचं कर्ज काढावं. त्याला शून्य टक्के लागू नाही, पण दिवसांचं व्याज दिवसांनीच लागतं.

इथं एक खबरदारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सेक्रेटरी सगळ्यांनाच ‘मार्चच्या आत भरा’ म्हणून मागं लागतात. हा आग्रह सभासदाच्या फायद्याचा असेलच असं नाही. ३१ मार्चला ताळेबंद मांडला जातो, तेव्हा वसुलीचा आकडा चांगला दिसला तर ऑडिटचा वर्ग चांगला आणि डीसीसीकडून पुढची उचल सोपी. ज्याची मुदत जूनमध्ये आहे त्यानं मार्चमध्ये भरलं तर तीन महिने बिनव्याजी वापराचे गेले. सोसायटी मजबूत राहावी म्हणून भरायचं असेल तर जरूर भरा, पण आधी एक विचारा: भरल्यावर नवं कर्ज किती दिवसांत जमा होणार? वरून पैसा आटलेला असेल तर भरलेले परत यायला दोन-दोन महिने लागतात, आणि तेवढ्यात खुरपणीचे दिवस संपतात.

कारखान्याच्या बिलातून परस्पर कपात ही सोय कागदावर छान आहे. सोसायटी यादी देते, कारखाना बिलातून कापून डीसीसीकडं वर्ग करतो. चुकतं ते असं: ऊस मुलाच्या नावानं नोंदलेला आणि कर्ज बापाच्या नावानं, किंवा पहिल्या हप्त्यातून कापायचं ते दुसऱ्यातून कापलं आणि मधे तारीख उलटली. कपात झाली म्हणजे जमा झालं असं समजू नये. पासबुकात नोंद पडते ती पैसा पोचल्या दिवसाची. निपाणी-चिकोडीकडं अजून एक भर पडते. ऊस सीमेपलीकडच्या कारखान्याला घातला तर इकडच्या सोसायटीची कपातीची यादी तिकडं पोचेलच असं नाही. तिथं बिल घेऊन स्वतः भरणं हाच खात्रीचा मार्ग.

सीमेचा प्रश्न जमिनीलाही आहे. चंदगड किंवा कागल तालुक्यात ज्यांची निम्मी शेती आहे त्यांचा तिकडचा सातबारा इथं चालत नाही, कारण फ्रूट्स फक्त कर्नाटकातला उतारा ओळखतं आणि सोसायटीचं कार्यक्षेत्रही ठरलेल्या गावांपुरतं. तिकडच्या विकास सोसायटीत वेगळं सभासद होता येतं. महाराष्ट्रातही पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शून्य टक्के पडतं. पण केंद्राची व्याजसवलत आधारवर मोजली जाते, दोन्हीकडं मिळून एकच मर्यादा. दोन राज्यांत दोनदा सवलत मिळेल या हिशेबावर कर्ज उचलू नका.

मध्यम आणि दीर्घ मुदतीचं कर्ज हा वेगळा विषय. विहीर, पाइपलाइन, ट्रॅक्टर यांसाठी १५ लाखांपर्यंत ३ टक्के व्याज ही राज्याची योजना आहे आणि त्यासाठी पीएलडी बँकेचं, म्हणजे तालुक्याच्या भूविकास बँकेचं दारही बघता येतं. पीकविम्याबद्दल एवढंच: २०२० च्या खरिपापासून तो कर्जदारालाही सक्तीचा नाही, पण नको असेल तर अंतिम तारखेच्या ७ दिवस आधी लेखी द्यावं लागतं, नाहीतर हप्ता कर्जखात्यातून कापला जातो. यशस्विनी आरोग्य योजनेची नोंदणीही सोसायटीतूनच होते. ग्रामीण भागात चार माणसांच्या कुटुंबाला ५०० रुपये आणि ५ लाखांपर्यंतचे उपचार. नोंदणीचे दिवस ठरलेले असतात, ते चुकवू नका.

खताच्या डेपोकडं वळू. दर सरकारनं बांधलेले, त्यामुळं खासगी दुकानापेक्षा फार स्वस्त मिळेल ही अपेक्षा चुकीची. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैसे, डीएपीचं ५० किलोचं १,३५० रुपये. हेच दर दोन्हीकडं छापलेले. सोसायटीचा फायदा दोन ठिकाणी: वजन आणि शिलाई खात्रीची, आणि युरियाबरोबर नको ते औषध गळ्यात मारलं जाण्याची शक्यता कमी. कमी म्हणतोय, नाही म्हणत नाही. नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली ‘घ्यावीच लागते’ असं ऐकवणारे डेपोही असतात. वरून लक्ष्य आलेलं असतं, हे कारण खरं. पण तशी सक्ती नियमात नाही. आधार लावून पॉस मशीनवर अंगठा दिला की पावती निघते. पावतीवरची पोती आणि गाडीत चढलेली पोती मोजून बघा, कारण आपल्या अंगठ्यावर दुसऱ्याची पोती गेली तर पुढच्या खेपेला मशीन आपल्यालाच अडवतं. हमाली वेगळी, ती पावतीवर येत नाही. विचारून घेतलेली बरी.

डेपोत माल कधी येतो हे मात्र सोसायटीच्या खिशावर ठरतं. खत कंपनी आणि फेडरेशन रोखीनं किंवा आगाऊ पैसे घेऊन माल देतात. ज्या सोसायटीकडं स्वतःच्या ठेवी आहेत ती एप्रिल-मेमध्ये पोती भरून ठेवते, आणि जुलैत भाताला युरियाची घाई सुटते तेव्हा तिच्या दारात रांग असली तरी माल असतो. जिचं सगळं भांडवल डीसीसीकडून उसनं, ती जुलैत ट्रकची वाट बघत बसते. म्हणून डेपोला सरसकट गुण देणं अवघड. भक्कम सोसायटीला ४, बाकीच्यांना २.

ठेवींबाबत स्पष्ट लिहायला हवं, कारण गावात याची कुणी वाच्यता करत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. डीसीसी बँकेतल्या ठेवीलाही आहे. कृषी पत्तीन सोसायटीतल्या ठेवीला ते नाही, सौहार्द सहकारीतल्या (कर्नाटकाच्या वेगळ्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेल्या पतसंस्थांतल्या) ठेवीलाही नाही. कायद्याच्या भाषेत त्या बँका नव्हेत. अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळतं ते या जोखमीचं मोल समजा. दुकानदार, भाजीवाले रोज पिग्मी भरतात, तीही यातच आली. ठेव ठेवूच नये असं म्हणणं नाही. सोसायटीला स्वस्त ठेवी मिळाल्या तरच ती डीसीसीच्या ताटाखालून बाहेर येते. पण आयुष्याची पुंजी एका सोसायटीत नको.

ठेवण्याआधी वार्षिक अहवाल मागा आणि चार आकडे शोधा. सभासदांकडून येणं कर्ज, डीसीसीला देणं कर्ज, थकबाकी, आणि ऑडिटचा वर्ग. पहिल्या दोहोंतला फरक सगळ्यात बोलका. सोसायटीनं डीसीसीकडून उचलून सभासदांना दिलं, तर येणं हे देण्याइतकं किंवा जास्त असायला हवं. समजा सभासदांकडून येणं २ कोटी आणि डीसीसीला देणं २ कोटी ३० लाख आहे, तर मधले ३० लाख गेले कुठं? तोटा, पगार, न विकलेलं खत, जुनी इमारत, किंवा अपहार. ऑडिटर याला ‘इम्बॅलन्स’ म्हणतात. एखाद्या वर्षी वसुली उशिरा पोचली म्हणून थोडा फरक दिसू शकतो. सलग तीन वर्षं वाढत गेला असेल तर तिथं ठेव ठेवायला जाऊ नका, आणि शेअर्सही कर्जाला लागतील तेवढेच घ्या. कर्जमाफीची वर्षंही या आकड्यांत डाग सोडून जातात. २०१७ मध्ये ५०,००० आणि २०१८ मध्ये १ लाखापर्यंतची सहकारी पीककर्जं राज्यानं माफ केली. पैसे सरकारकडून हप्त्याहप्त्यानं येतात, आणि दरम्यान ‘पुन्हा माफी होईल’ म्हणून भरणारेही थांबतात. थकबाकी वाढते ती त्या दुसऱ्या कारणानं.

ऑडिटचा वर्ग अ, ब, क, ड असा. अ म्हटलं की डोळे झाकायचे नाहीत, पण ड म्हटलं की उघडायचे. निव्वळ नफ्यातले निदान २५ टक्के राखीव निधीत टाकणं कर्नाटकाच्या १९५९ च्या सहकार कायद्यानं बंधनकारक आहे. जिथं नफाच नाही तिथं हा निधी वर्षानुवर्षं एकाच आकड्यावर थबकलेला दिसतो.

हा अहवाल सप्टेंबरच्या वार्षिक सभेत वाटतात. सभेला चहा-फराळ आणि मागच्या रांगेतल्या गप्पा यापलीकडं एक कारण आहे: एका सभासदाला एक मत, शेअर्स कितीही असोत, पण सभांना हजेरी आणि किमान व्यवहार नसेल तर मतदार यादीतून नाव गळतं. निवडणूक जाहीर झाल्यावर हे कळतं आणि मग धावपळ. तालुक्यातल्या प्रत्येक सोसायटीचा एक प्रतिनिधी डीसीसीच्या निवडणुकीत मत देतो, म्हणून गावच्या सोसायटीच्या संचालकपदाला एवढी चुरस. कर्ज कुणाला आधी आणि कुणाला नंतर, याचं उत्तर पुष्कळदा त्या चुरशीतच असतं. अर्ज अडवला जातोय असं वाटलं तर तोंडी भांडू नका. अर्ज लेखी द्या, आवक नंबर घ्या, नकार लेखी मागा. कलम ७० खाली वाद सहकार खात्याकडं न्यायचा तर हेच कागद लागतात.

देशातली पहिली कृषी पतसंस्था १९०५ मध्ये कणगिनहाळला नोंदली गेली, आजच्या गदग जिल्ह्यात, म्हणजे बेळगावपासून फार लांब नाही. तेव्हा भांडवल गावाचं आणि हिशेब गावाला तोंडपाठ. आज भांडवल वरून आणि हिशेब संगणकावर. २०२२ पासून केंद्राच्या संगणकीकरण योजनेत सोसायट्यांचे लेजर एकाच प्रणालीत जाताहेत. ज्या ठिकाणी ते झालं, तिथं मुदतीची तारीख छापील मिळते. वहीतल्या तारखेवर विसंबून ‘मी सांगतो ना, जूनपर्यंत आहे’ हा प्रकार थांबला. जिथं झालं नाही तिथं उचलीच्या दिवशीच पासबुकात मुदतीची तारीख लिहून शिक्का घ्या.

कर्ज फिटलं की काम संपत नाही. सोसायटीकडून बेबाकीचं पत्र घेऊन ११ नंबरच्या रकान्यातला बोजा उतरवून घ्यायला हवा, आणि नवा उतारा काढून तो खरंच उतरला का ते बघायला हवं. सोसायटी बंद खातं विसरते, उतारा विसरत नाही. सभासदत्व सोडायचं असेल तर शेअर्सची रक्कम संचालक मंडळाच्या ठरावानंतर मिळते, तीही दर्शनी किमतीनं. आपण कुणाचे जामीनदार असलो तर त्याचं कर्ज फिटेपर्यंत तेवढंही नाही.